भाचा माझ्या मुलीला 'फॉइड' म्हणाला. हे शब्द येतात कुठून?

टाकेदोरे

नमस्कार. मी इथे एरवी शिवणकामाच्या धाग्यांवर असते, अशा विषयावर पहिल्यांदाच लिहितेय. लांबलंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझा भाऊ बार्शीला असतो, त्याचं भुसार मालाचं दुकान आहे. त्याचा मुलगा गेल्या जूनपासून पुण्यात आमच्याकडे राहतो. बारावी सायन्स, सोबत क्लास. घरात त्याला दादू म्हणतो, इथेही तेच लिहिते. माझी मुलगी नववीत आहे. दोघांचं लहानपणापासून गूळपीठ. सुट्टीत बार्शीला गेलो की गच्चीवर बसून 'च'ची भाषा बोलायची, मोठ्यांना कळू नये म्हणून. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास दादूच्या तोंडी नवे शब्द यायला लागले तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. वाटलं, हीसुद्धा 'च'चीच भाषा असेल, जरा मोठ्या वयाची.

पहिला शब्द 'नॉर्मी'. "आत्तू, तू नॉर्मी आहेस, तुला नाही कळणार." अर्थ विचारला तर म्हणाला, साधी माणसं. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. मग आला 'कोप'. मी म्हटलं, अरे रोज दोन तास नेमाने बसलास तर होईल सगळं. तो म्हणाला, "कोप." आमचे हे म्हणाले, सकाळी माझ्याबरोबर टेकडीवर चल, बरं वाटेल. "कोप." अंगावरची माशी उडवावी तसा तो हा शब्द वापरतो. त्यावर पुढे काही बोलताच येत नाही.

मग माझी टेप जागेवर राहीनाशी झाली. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, एकोणीस वर्षं झाली. एक टेप गळ्यात असते, दुसरी ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरमधली दर दोन दिवसांनी न्हाणीघरातल्या आरशापाशी सापडायची. महिन्याभरापूर्वी एका गिऱ्हाइकाची मापं लिहायला वही उघडली, तर शेवटच्या पानावर दादूच्या अक्षरात आकडे: मनगट, खांदा, जबडा, दोन डोळ्यांमधलं अंतर. मनगटाच्या आकड्याभोवती पेनाने इतक्या वेळा गोल काढलाय की कागद फाटलाय. बाजूला इंग्रजीत लिहिलंय, 'इट्स ओव्हर'.

आणि गेल्या रविवारी जेवताना मुलीची आणि त्याची चार्जरवरून कुरबुर झाली. त्याने ताटातून मान वर न करता म्हटलं, "फॉइडशी मी वाद घालत नाही." मुलगी हसली, तिला वाटलं काहीतरी गंमत आहे. रात्री तिने तो शब्द फोनवर शोधला आणि उशी घेऊन माझ्याशेजारी येऊन झोपली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, त्याचा अर्थ बाईसारखं दिसणारं काहीतरी, असा आहे. बाई नाही."

मला झोप लागली नाही. हा मुलगा असा नव्हता. माझ्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा त्याने त्यांना भरवलंय.

कुणाला माहीत असेल तर सांगा. हे शब्द कोण तयार करतं? त्याच्याशी बोलू कसं? हे म्हणतात फोन काढून घे. भावाला सांगू की नको, तेही कळत नाही.

रात्रपाळी

ताई, तुमच्या मुलीने शोधलेला अर्थ बरोबर आहे. इंग्रजीतलं 'फीमेल' आणि 'ह्युमनॉइड', म्हणजे माणसासारखं दिसणारं, हे दोन्ही जोडून 'फेमॉइड' झालं आणि त्याचं आखडून 'फॉइड'. हा शब्द इन्सेल, म्हणजे इच्छा नसताना एकटे राहिलेले, म्हणवून घेणाऱ्या पुरुषांच्या गटांमधला आहे. आपल्याला कुणी जोडीदार मिळणार नाही आणि याला बायका जबाबदार आहेत, अशी त्यांची धारणा असते. देखण्या, यशस्वी पुरुषाला ते 'चॅड' म्हणतात, देखण्या बाईला 'स्टेसी', साधारण दिसणारीला 'बेकी', आणि उरलेल्या सगळ्या जगाला 'नॉर्मी'. १९९९ च्या एका इंग्रजी सिनेमात नायकाला लाल आणि निळी गोळी देतात. लाल गोळी घेतली की खरं जग दिसतं. तिथून 'रेडपिल' हा शब्द उचलला. या लोकांनी पुढे 'ब्लॅकपिल' काढली: तुमचं आयुष्य तुमच्या चेहऱ्याच्या हाडांनी जन्मतःच ठरवलंय, काहीही करून बदलत नाही. 'कोप' त्यातलाच. आशा वाटायला लावणारं काहीही बोललात की ते 'कोप', म्हणजे मनाची खोटी समजूत.

मी दोन वर्षं रात्रपाळीत मजकूर तपासायचं काम केलंय. इंग्रजी पोस्टी वाचायच्या आणि नियमात न बसणाऱ्या काढायच्या. शब्द नवे का काढतात, याचं एक उत्तर आमच्यासारख्यांना चुकवायला, हे आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्यांनी ठरवून मोठ्या कंपन्यांची नावं शिव्यांच्या जागी वापरायला सुरुवात केली. कृष्णवर्णीयांना 'गूगल', ज्यूंना 'स्काइप'. कारण ही नावं कोणतंही यंत्र अडवू शकत नाही. त्याच वर्षी ज्यू माणसाच्या नावाभोवती तीन-तीन कंस टाकायची खूण उघडकीला आली. त्यासाठी ब्राउझरमध्ये बसवायचं एक एक्स्टेंशनसुद्धा होतं, ते गूगलने काढून टाकलं. आणि हे फक्त तिकडचं आहे असं समजू नका. जुलै २०२१ मध्ये आणि मग १ जानेवारी २०२२ ला आपल्याकडे मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारी दोन ॲप आली. दोन्हींच्या नावात त्या महिलांसाठी मुद्दाम घडवलेले शब्द होते. दुसऱ्या प्रकरणात पहिल्या अटका मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने केल्या, आणि पकडलेली मुलं विशीच्या आसपासची होती.

पण चुकवणं हे अर्धंच उत्तर आहे. सहा महिने ते काम केल्यावर एकदा सकाळी कँटीनमध्ये चहाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीकडे बघून माझ्या डोक्यात आपसूक 'बेकी' हा शब्द आला. मी त्या गटांचा तिरस्कार करत होतो, तरीही. ती आमच्याच मजल्यावर काम करायची, मला तिचं नाव माहीत होतं. मी तसाच घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगून विभाग बदलून घेतला. नुसतं वाचून माझं हे झालं, तर सतरा वर्षांच्या मुलाचं काय होत असेल?

समीर७१

इतकं घाबरण्यासारखं काही नाही असं मला वाटतं. माझी दोन्ही मुलं 'मॉग' (दिसण्यात दुसऱ्यावर मात करणं), 'सिग्मा' (एकटा, कणखर पुरुष), 'लुक्समॅक्सिंग' (दिसणं सुधारणं) असं दिवसभर बोलतात. हे शब्द आता शाळेच्या बसमध्येही ऐकू येतात. आमच्या वेळी नव्हते का टोळीचे शब्द? तो वयाचा भाग आहे, जाईल.

जुनी_पाटी

समीरराव, शब्द सगळीकडे पसरलेत हे खरं, आणि 'मॉग' म्हणणारं प्रत्येक पोर त्या गटातलं नसतं हेही खरं. पण मी तीस वर्षं मराठी शिकवलंय, मला या दोन प्रकारच्या शब्दांत फरक दिसतो.

बाहेरच्याला नाव ठेवणं आपल्याला नवीन नाही. घाटी, उपरा, आलेगेले. हे शब्द बोचतात, त्यांनी माणसं दुखावलीत. तरी घाटाखालचा माणूस 'घाटी' म्हणाला तर घाटावरचा उलट उत्तर देऊ शकतो, कारण दोघं एकमेकांना माणूस मानूनच भांडताहेत. 'च'ची भाषा तर कुणाला नाव ठेवतच नाही, ती फक्त लपवते. महानुभावांनी सकळ ही सांकेतिक लिपी केली ती आपले ग्रंथ राखायला. 'फॉइड' या शब्दाची रचनाच वेगळी आहे. समोरचीला माणसांतून काढून टाकल्याशिवाय तो उच्चारताच येत नाही. रवांडात १९९३ पासून एका रेडिओ केंद्रावर तुत्सी जमातीच्या लोकांना 'इन्येन्झी' म्हणजे झुरळं म्हटलं जाई. हा शब्द साठच्या दशकात सशस्त्र बंडखोरांसाठी वापरात होता, तो ताणत ताणत शेजारच्या घरापर्यंत आणला. १९९४ मध्ये शंभर दिवसांत तुत्सींचं जे हत्याकांड झालं ते जगाला माहीत आहे. मी दादूची त्याच्याशी तुलना करत नाही. शब्द कसा ताणला जातो तेवढंच सांगतोय.

ताई, एक गोष्ट ऐकून ठेवा. इंग्रजीत ही मंडळी बाईला 'शी' न म्हणता 'इट' म्हणतात. इंग्रजीत ते वाचताना निसटून जातं. मराठीत निसटत नाही, कारण आपल्या क्रियापदालाच लिंग लावावं लागतं. तुमचा भाचा 'फॉइड आली' म्हणतो की 'फॉइड आलं' म्हणतो? त्यावरून तो किती आत गेलाय ते कळेल.

पाचवा_मजला

काकू, मी तेवीस वर्षांचा आहे. परभणीचा. मी त्या जागेत पावणेदोन वर्षं होतो. हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलंय. तुमच्या वहीतलं ते पान वाचलं आणि लिहायला बसलो.

मी कुणाचा द्वेष करायला तिथे गेलो नव्हतो. २०२१ मध्ये कॉलेजचं पहिलं वर्ष घरातून चाललं होतं, कॅमेरा चालू केला की स्वतःचाच चेहरा दिवसभर समोर. जबडा नीट दिसावा म्हणून व्हिडिओ शोधला. जीभ टाळूला लावून ठेवायची, त्याला 'म्यूइंग' म्हणतात. म्यू आडनावाच्या ब्रिटिश दंतवैद्य बापलेकांवरून ते नाव पडलं. त्याखाली पुढचा व्हिडिओ डोळ्यांच्या कोनाचा. मग चेहऱ्याला गुण देणारी जागा. तिथे 'पीएसएल' नावाची मोजपट्टी असते, तीन जुन्या साइटींच्या आद्याक्षरांवरून. मी फोटो टाकला. पंधरा मिनिटांत उत्तर आलं: करीसेल.

करी म्हणजे आपण, भारतीय. त्यांच्या उतरंडीत आपण अगदी तळाला. गोरा तो 'चॅड', आपल्यातला कुणी देखणा निघालाच तर त्याला वेगळं नाव, 'चॅडप्रीत', म्हणजे खरा चॅड नव्हेच. आणि सगळ्यावर एक सिद्धांत, 'जस्ट बी व्हाइट', गोरे असा म्हणजे झालं. मला त्या दिवशी राग यायला हवा होता. आला नाही. मला हायसं वाटलं. दहावीपासून मला जे होत होतं, कुणाशी बोलता न येणं, ग्रुप फोटोत कडेला उभं राहणं, त्याला एक नाव मिळालं. डॉक्टरने एकदाचं निदान सांगावं तसं. बाहेरच्यांना ठेवलेली नावं फार नंतर येतात, काकू. आधी ते तुम्हाला नाव देतात.

मनगटाचं सांगतो. मनगटाला तिथे फार महत्त्व आहे, बारीक मनगटाच्या मुलाला 'रिस्टसेल' म्हणतात. व्यायामाने दंड वाढतो, मनगट हाडाचं असतं, ते वाढत नाही. उंची वाढत नाही. डोळ्यांचा कोन बदलत नाही. जे बदलू शकत नाही तेच तिथे मोजतात. हे मला तिथून बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी लक्षात आलं. दादूने मनगटालाच गोल का केला, ते यावरून कळेल तुम्हाला.

मग इतरांसाठीचे शब्द. मी एकदा 'गर्ल' असं लिहिलं तर तीन-चार जण तुटून पडले, हा नॉर्मी आत कसा आला म्हणून. तेव्हापासून मी 'फॉइड' लिहायला लागलो, नुसतं आत राहण्यासाठी. आधी टाइप करताना, मग मनात. दुसऱ्या वर्षी हॉस्टेलला मला डेंग्यू झाला. माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या एका मुलीने माझी दोन जर्नल लिहून दिली, आकृत्यांसकट. मी तिचे आभारही मानले नाहीत. खोलीत पडल्या पडल्या रात्रभर हाच विचार, यात तिचा डाव काय असेल. माझ्याकडे तिच्यासाठी एकच शब्द होता आणि त्या शब्दात 'मदत केली' हे बसत नव्हतं. म्हणून मी मदतच खोटी ठरवली. शब्द काय करतो ते मला विचाराल तर एवढंच सांगीन.

आणि ते शब्द बाहेरच्यांवर थांबत नाहीत. आमच्यातल्या एकाने लिहिलं की तो एका मुलीबरोबर चहाला गेला, बरं वाटलं. सगळे त्याच्यावर 'फेकसेल', 'व्हॉलसेल' करून धावले. म्हणजे तू खोटा, तू मुद्दाम एकटा राहिलेला, तुला दुःखाचा अधिकार नाही. मीही लिहिलं त्याला, दोनदा. तिथे सुधारणं हाच गुन्हा आहे. जो बरा होतो तो बाहेरचा ठरतो.

अजून एक शब्द आहे, तो नीट ऐका. 'रोप', दोर. म्हणजे आत्महत्या. 'कोप ऑर रोप' हे तिथे सकाळच्या 'गुड मॉर्निंग'सारखं चालतं, म्हणून कुणी खरंच सांगत असलं तरी कळत नाही. दादूच्या तोंडी किंवा वहीत हा शब्द दिसला तर सल्ल्यांची वाट बघू नका, त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात.

मी बाहेर आलो ते कुणी समजावल्यामुळे नाही. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, अकरा दिवस नांदेडला दवाखान्यात राहिलो. वॉर्डात रेंज नव्हती. रात्रीच्या सिस्टर ड्रेसिंग कसं धरायचं ते मला दाखवायच्या. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून तिच्या डब्यातली भाकरी मला द्यायची, मी 'नको' म्हणालो की रागवायची. अकरा दिवसांत मी एकीलाही मनात ते नाव देऊ शकलो नाही, जीभच वळली नाही. परत येऊन साइट उघडली तर सगळं मागच्या महिन्याचंच चाललं होतं. लगेच सुटलो नाही, पुन्हा पुन्हा गेलो. पण वाचताना त्या सिस्टर समोर यायच्या.

तुम्ही काय करावं: त्याच्याशी पुरावे देऊन वाद घालू नका, प्रत्येक पुराव्यासाठी तिथे एक शब्द तयार आहे. त्याचे शब्द स्वतः वापरू नका, जवळीक दाखवायलाही नको. तो 'फॉइड' म्हणाला की शांतपणे विचारा, "कोण? नाव सांग." दरवेळी. फोन एकदम काढून घेतला तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल, की नॉर्मी असंच वागतात. रात्री मात्र फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, सगळ्यांचेच. आणि त्याला चार माणसांत नेमाने काम द्या. उपदेश नको, काम.

मेपल_मेतकूट

मी २०११ पासून टोरंटोच्या नॉर्थ यॉर्क भागात राहते. सोमवार, २३ एप्रिल २०१८. लांबलेल्या थंडीनंतरचा छान उन्हाचा दिवस, दुपारी लोक जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले होते. यंग स्ट्रीटवर एका माणसाने भाड्याची व्हॅन फुटपाथवर घातली. मी ऑफिसात वरच्या मजल्यावर होते, आधी सायरन ऐकू आले, मग खाली नारिंगी कापडं झाकलेली दिसली. दहा जण गेले, त्यांत आठ बायका. वयं २२ ते ९४. जखमींपैकी आणखी एक महिला २०२१ मध्ये गेली.

संध्याकाळी बातम्यांत त्याची फेसबुक पोस्ट आली. त्यात 'चॅड' आणि 'स्टेसी' उलथवून टाकायची भाषा होती. ऑफिसात कुणालाही ते शब्द माहीत नव्हते. आम्ही एकमेकांना विचारत होतो की ही माणसांची नावं आहेत का. चौऱ्याण्णव वर्षांच्या आजी होत्या हो त्यांत. त्या कुणाच्या 'स्टेसी'? ज्यांना तो मारायला निघाला ती माणसं त्या रस्त्यावर नव्हतीच, ती फक्त शब्दांत होती.

त्याच पोस्टमध्ये त्याने २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आयला व्हिस्टात सहा जणांना मारणाऱ्याचा गौरव केला होता. त्या मारेकऱ्याच्या आद्याक्षरांचं या लोकांनी क्रियापद करून टाकलंय. २०२१ मध्ये निकाल देताना न्यायाधीश ॲन मलॉय यांनी व्हॅनवाल्याचं नाव उच्चारायलाच नकार दिला, निकालभर 'जॉन डो', म्हणजे आपल्याकडच्या 'अमुक तमुक'सारखं, म्हटलं. त्याला प्रसिद्धी हवी होती आणि इन्सेलचा झेंडा त्याने त्यासाठी वापरला, असंही त्यांनी नोंदवलं. मला ते पटतं. तरी झेंडा तयार होता म्हणूनच हाती लागला ना.

अवांतर: 'इन्सेल' हा शब्द मुळात कॅनडातल्याच एका विद्यार्थिनीच्या साइटवरून आला, १९९७ मध्ये. अलाना एवढंच नाव ती सांगते. एकटेपणावर बोलायला तिने ती सुरू केली होती, त्यात बाया होत्या, पुरुष होते, सगळे होते. आपल्या आडनावाने कुणीतरी दरोडा घालावा तसं झालं असेल तिला.

त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या ऑलिव्ह स्क्वेअरमध्ये लोक फुलं आणि चिठ्ठ्या ठेवत होते. मी मराठीत दोन ओळी लिहून ठेवल्या. काय लिहिलं ते आठवत नाही, हात थरथरत होता.

टाकेदोरे, भावाला सांगा. आजच सांगा.

टाकेदोरे

सगळ्यांचे प्रतिसाद चार-चारदा वाचले. दहा दिवस झाले, काय झालं ते लिहिते.

जुनी_पाटी सर, तुम्ही सांगितलं म्हणून कान देऊन ऐकलं. बुधवारी दादू फोनवर मित्राला सांगत होता, "ते सारखं माझा चार्जर घेतं." घेतं. मी गॅसजवळ उभी होते, हातातली पळी तशीच राहिली. मुलगी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होती. तिने मोठ्याने म्हटलं, "घेते." एवढंच. दादूने फोन कट केला आणि गच्चीवर निघून गेला.

मी पाठोपाठ गेले नाही. रात्री भावाला फोन केला. तो आधी चिडला, उद्याच घेऊन जातो म्हणाला. पाचवा_मजलाचं लिखाण मी त्याला वाचून दाखवलं. दवाखान्याचा भाग आला तेव्हा पलीकडून आवाजच येईना. मग म्हणाला, "याला माझ्याशी बोलायला तरी कधी वेळ दिला मी." गुरुवारी तो ज्वारीचं पोतं टेम्पोत टाकून आला आणि दोन दिवस राहिला. बापलेक फार बोलले नाहीत, पण दोन्ही सकाळी टेकडीवर गेले.

मी माझ्या परीने एक केलं. दादूला लग्नसराईसाठी कुर्ता शिवते म्हणून उभं केलं आणि माप घ्यायला लागले. खांद्याशी आल्यावर तो म्हणाला, "माझा डावा खाली आहे, मला माहितीये, ते फिक्स होत नाही." मी मापाची वही त्याच्या हातात दिली. एकोणीस वर्षांच्या सात वह्या आहेत माझ्याकडे. मी म्हटलं, यात दोन्ही खांदे सारखे असलेलं एक माणूस मला शोधून दे. मी दोन्ही खांदे वेगवेगळे लिहिते, कारण कुणाचेच सारखे नसतात, अर्ध्या इंचाचा फरक धरूनच कापड कापावं लागतं. तो म्हणाला, "कोप." पण वही खाली ठेवली नाही. मी बाही मापली, मनगट मापलं, आकडा लिहिला, त्यावर काही बोलले नाही. तो अर्धा तास तिथेच स्टुलावर बसून पानं उलटत होता.

'रोप' हा शब्द कुठे सापडला नाही. मी आणि मुलीने मिळून त्याच्या वह्या बघितल्या. त्याला न विचारता बघितल्या, याचं मला वाईट वाटतं, पण बघितल्या. १४४१६ फ्रिजवर लिहून ठेवलाय, सगळ्यांसाठी म्हणून.

मुलगी त्याच्याशी अजून बोलत नाही. सगळे मला सांगतात, तिला समजाव, लहान आहे तो. मी समजावणार नाही. शब्द तिला लागलाय, कधी बोलायचं ते तिचं ती ठरवेल. तिने एकच अट घातलीय, की त्याने तिला तिच्या नावाने हाक मारून सॉरी म्हणावं. अजून म्हटलेलं नाही.

पाचवा_मजला, एक विचारू का? तुम्ही दादूशी एकदा फोनवर बोलाल का? तो माझं ऐकत नाही, बापाचं थोडं ऐकतो. तिथे राहून आलेल्या माणसाचं कदाचित ऐकेल. जमत नसेल तर अजिबात वाईट वाटून घेणार नाही.

पाचवा_मजला

बोलतो काकू. पण तुम्ही सांगितलं म्हणून फोन केलाय असं नको, त्याला आधी विचारा, माझ्याबद्दल सगळं सांगून. तो 'नको' म्हणाला तरी नंबर त्याच्याकडे राहू द्या. मीही सुरुवातीला 'नको'च म्हणालो असतो. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय.